राजापूरचा प्रश्न, दिल्लीचे सभागृह

19 डिसेंबर 2023 रोजी लोकसभेतून एकाच दिवशी 49 सदस्य निलंबित झाले. त्यांत बारामतीच्या सुप्रिया सुळे होत्या आणि शिरूरचे डॉ. अमोल कोल्हेही होते. विरोधकांची मागणी राष्ट्रीय स्वरूपाची होती. 13 डिसेंबरला प्रेक्षक दालनातून दोन तरुणांनी थेट सभागृहात उड्या घेतल्या. सुरक्षेतील या त्रुटीवर गृहमंत्र्यांनी निवेदन करावे, एवढेच विरोधक मागत होते. अधिवेशन संपेपर्यंत लोकसभेच्या 100 आणि राज्यसभेच्या 46 सदस्यांवर निलंबनाची कारवाई झाली. या आकड्यांवर पुष्कळ लिहिले गेले. त्यामानाने एक कारकुनी वाटणारी बाब दुर्लक्षितच राहिली. निलंबित सदस्यांच्या नावावरील प्रश्न कामकाजाच्या यादीतून वगळण्यात आले.

ही बाब वाटते तेवढी किरकोळ नाही. लोकसभेत दिवसाला 20 तारांकित आणि 230 अतारांकित प्रश्न येतात, तेही सोडतीतून. शासनाच्या खात्याला ठरावीक मुदतीत, लेखी आणि आपल्या जबाबदारीवर उत्तर द्यायला लावणारे सामान्य खासदाराच्या हाती असलेले हे जवळजवळ एकमेव साधन होय. मंत्रालयांत काम केलेल्या कोणत्याही अधिकाऱ्यास ठाऊक असते की, संसदीय प्रश्नाची फाईल आली की इतर फाइली बाजूला सरतात. शून्य प्रहरातील भाषणाला हे बळ नाही. नियम 377 खाली मांडलेल्या निवेदनाचे उत्तर सवडीने येते. त्याच महिन्यात, 8 डिसेंबरला, केंद्राने कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली होती आणि चाकणच्या बाजारात तोच एक विषय होता. त्या बाजाराचा खासदार अधिवेशनाचे अखेरचे दिवस सभागृहाबाहेर होता. मागणी देशाची केली आणि आवाज मतदारसंघाचा गेला.

स्थानिक आणि राष्ट्रीय हे विरोधी सदस्याच्या कामाचे दोन स्वतंत्र कप्पे आहेत, असे दिल्लीत सर्रास मानले जाते. खासदाराने गल्लीचे प्रश्न आणू नयेत, असा उपदेश एकीकडून होतो आणि मतदारसंघात फिरकत नाहीत, अशी तक्रार दुसरीकडून. हे कप्पे किती कृत्रिम आहेत हे पाहायचे असेल, तर कोकणातील एका मतदारसंघाचा इतिहास चाळावा. तो मतदारसंघ आज अस्तित्वात नाही. 2008 च्या पुनर्रचनेत राजापूर नकाशावरून गेले आणि रत्नागिरी-सिंधुदुर्ग आले.

राजापूरने 1957, 1962 आणि 1967 मध्ये बॅरिस्टर नाथ पै यांना, आणि 1971 पासून लागोपाठ पाच वेळा प्रा. मधु दंडवते यांना निवडून दिले. दोघेही समाजवादी. एक वेंगुर्ल्याचे, दुसरे मूळचे अहमदनगरचे, मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकविणारे. मतदारसंघात रेल्वे नव्हती, उद्योग नव्हते. घरटी एक माणूस मुंबईत आणि महिन्याला येणारी मनिऑर्डर, हीच तेथील अर्थव्यवस्था. अशा कोपऱ्याने दिल्लीला घटनेच्या प्रश्नावर बोलणारी माणसे पाठविली, याचे नवल त्या काळी फारसे कोणाला वाटले नाही.

फेब्रुवारी 1967 मध्ये गोलकनाथ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, मूलभूत हक्कांचा संकोच करणारी घटनादुरुस्ती संसदेला करता येणार नाही. संसदेचा अधिकार पुन्हा प्रस्थापित करणारे विधेयक त्याच वर्षी लोकसभेत आले, ते सरकारकडून आले नाही. ते नाथ पै यांचे अशासकीय विधेयक होते. ते दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेले, त्यावर देशभर वाद झाला. डिसेंबर 1970 मध्ये लोकसभा विसर्जित झाली आणि विधेयक व्यपगत झाले. पुढच्याच महिन्यात नाथ पै बेळगावात निवर्तले. त्यांच्या विधेयकाचे सार 1971 च्या 24 व्या घटनादुरुस्तीत सरकारने स्वतःच आणले. 1973 मध्ये केशवानंद भारती निकालाने गोलकनाथचा निर्णय रद्दबातल ठरविला आणि त्याच वेळी मूलभूत चौकटीची मर्यादाही घातली. ती मर्यादा नसती तर संसदेच्या याच अधिकाराचे काय झाले असते, याची कल्पना 1976 च्या 42 व्या दुरुस्तीवरून येते. ती संमत झाली तेव्हा विरोधी पक्षांचे अनेक सदस्य तुरुंगात होते. नाथ पै यांच्या भूमिकेतील ही कच्ची बाजू त्यांच्या चाहत्यांनीही मान्य करायला हरकत नाही.

दंडवते यांना आणीबाणीच्या पहिल्याच दिवशी, 26 जून 1975 रोजी बंगळूर येथे अटक झाली. वाजपेयी, अडवाणी आणि श्यामनंदन मिश्र यांच्याप्रमाणेच तेही पक्षांतरविषयक संयुक्त समितीच्या कामासाठी, म्हणजे संसदेच्याच कामासाठी तेथे गेले होते. जुलैमध्ये भरलेल्या अधिवेशनात केवळ शासकीय कामकाज होईल, असा ठराव करण्यात आला. प्रश्नोत्तरे बंद, लक्षवेधी बंद, अशासकीय विधेयके बंद. आणीबाणीला मंजुरी देणारे हे अधिवेशन लोकशाहीच्या इतिहासात नोंदले गेले आहेच. कोकणातील बंदर, रस्ता वा टपाल कार्यालय यांविषयी विचारण्याची सोयही त्याच ठरावाने गेली, हे मात्र क्वचितच कोणी लिहिते.

कोकण रेल्वेची कथा याच संदर्भात वाचली पाहिजे. दिवा-पनवेल-आपटा हा फाटा 1960 च्या दशकात झाला. रोह्यापर्यंत रूळ पोहोचायला 1986 उजाडले. डोंगर, खाड्या, बोगदे यांचा खर्च आणि तुटपुंजी वाहतूक पाहता हा मार्ग परवडणारा नाही, हा युक्तिवाद वर्षानुवर्षे आडवा येत राहिला. दंडवते यांनी ही मागणी सातत्याने लावून धरली. मागास भागात रेल्वे पोहोचल्याशिवाय वाहतूक वाढणार कशी, हा प्रश्न राजापूरचा होता तसाच तो देशातील कोणत्याही दुर्लक्षित जिल्ह्याचा होता. अशा मागण्यांसाठी त्या काळी हक्काचे व्यासपीठ होते ते रेल्वे अर्थसंकल्पावरील चर्चेचे. 2017 पासून तो अर्थसंकल्प सर्वसाधारण अर्थसंकल्पात विलीन झाला.

तथापि केवळ भाषणांनी रेल्वे आली, असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. दंडवते 1977 ते 1979 या काळात रेल्वेमंत्री होते. 1974 च्या संपातील बडतर्फ कामगारांना पुन्हा कामावर घेणे आणि दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर गाद्या घालणे यांसाठी ती कारकीर्द ओळखली जाते. कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले जुलै 1990 मध्ये, जेव्हा जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री आणि दंडवते अर्थमंत्री होते. केंद्राचा वाटा 51 टक्के, उरलेला महाराष्ट्र, कर्नाटक, गोवा आणि केरळ यांचा. बराचसा पैसा रोख्यांतून. सत्ता आली तेव्हा काम झाले. पण सत्ता अकरा महिने टिकली, आणि तेवढ्यात काम मार्गी लागू शकले, कारण मागणीचा पाया आधीच्या दोन दशकांत विरोधी बाकांवरून रचला गेला होता. 1991 च्या निवडणुकीत दंडवते पराभूत झाले. पूर्ण मार्गावर गाड्या धावू लागल्या 1998 मध्ये. सावंतवाडीला गाडीने जाणाऱ्या चाकरमान्यांपैकी किती जणांना हा क्रम ठाऊक असेल, कोण जाणे.

निलंबनाचे हत्यार एका पक्षाने शोधलेले नाही. मार्च 1989 मध्ये, राजीव गांधी यांच्या कारकीर्दीत, ठक्कर आयोगाच्या अहवालावरून 63 विरोधी सदस्य एका दिवसात निलंबित झाले होते. ते मात्र त्या आठवड्यापुरते. फलक घेऊन हौद्यात उतरणे हा नियमभंग आहे, हेही खरे. परंतु नियमभंगाची शिक्षा सदस्याला होते की त्याच्या मतदारांना, या प्रश्नाचे उत्तर नियमावलीत नाही. 2023 च्या डिसेंबरात शिक्षेनंतर दुसऱ्याच दिवशी, रिकाम्या विरोधी बाकांसमोर, लोकसभेने भारतीय दंड संहितेची जागा घेणाऱ्या कायद्यासह तीन फौजदारी विधेयके संमत केली. कांद्याची निर्यातबंदी मात्र तशीच राहिली. ती 31 मार्चपर्यंत होती, मार्चमध्ये तिला मुदतवाढ मिळाली आणि ती उठविणारी अधिसूचना निघाली 4 मे 2024 रोजी. संसदेचे अधिवेशन त्या वेळी चालू नव्हते. बारामतीचे मतदान 7 मे रोजी होते.