सात लाख कोटी संघ आणि एक उजनी

रात्रीचा दीड वाजला होता. त्या आठवड्यात आमच्या डीपीला रात्रीची थ्री फेज होती. म्हणून मी, पुतण्या आणि बारामतीच्या कॉलेजातला त्याचा कोल्हापूरचा दोस्त असे तिघं पळसदेवच्या खालच्या अंगाला, उजनीच्या फुगवट्याकाठी मोटरीपाशी बसलो होतो. उसाला पाणी चालू होतं. स्टार्टरच्या पेटीवर मोबाईल टेकवलेला आणि त्यात प्रीमियर लीग फुटबॉलचा सामना. हिवाळ्यात इंग्लंडमध्ये रात्री आठला शिट्टी वाजते, तेव्हा इंदापूर तालुक्यात दीड वाजलेला असतो. थंडीनं हात आखडले होते, पण पोरांच्या तोंडाला काही थंडी नव्हती.

"लेफ्ट बॅक दमलाय काका, दिसतंय ना? त्याला बसवायलाच पाहिजे होतं."

"बसवून खेळवणार कुणाला? बेंचवर आहे कोण, भावा?"

दोघंही लिव्हरपूलचे. एकाच क्लबचे, म्हणून तर भांडण कडाक्याचं. दुसऱ्याच्या क्लबला माणूस एकदा नावं ठेवून मोकळा होतो. आपल्या क्लबचा विषय निघाला की पहाट होते. मी गणित शिकवतो. या पोरांची वादावादी वर्षानुवर्षं ऐकत आलोय, आणि ती कधी संपत का नाही, हे मला बरेच दिवस कोडं होतं. त्या रात्री दारं धरता धरता मी ते मोजायला घेतलं.

प्रीमियर लीगमधला क्लब मोसमासाठी २५ जणांची नावं देतो. एकवीस वर्षांखालची पोरं त्याशिवाय, ती सोडून देऊ. या २५ मध्ये तीन गोलकीपर आहेत आणि २२ मैदानात पळणारे, असं धरू. तिघांतला एक गोलकीपर आणि बावीस जणांतले दहा निवडायचे, तर अकरा जणांचे संघ होतात १९ लाख ३९ हजार ९३८. दोन माणसं एकमेकांना कधीच पटणार नाहीत, याला एवढा आकडाही पुरेसा आहे.

पण पोरं निव्वळ माणसं निवडत नाहीत, जागाही ठरवतात. डावीकडे कोण, उजवीकडे कोण, स्ट्रायकरच्या पाठीमागे कोण. "तो मधे खेळायचा माणूस आहे, त्याला कडेला का टाकला?" हा तर त्यांचा रोजचा सवाल. मग हिशेब बदलतो. पहिल्या जागेसाठी बावीस पर्याय, दुसरीसाठी एकवीस, तिसरीसाठी वीस, असं करत दहाव्या जागेला तेरा. या सगळ्यांचा गुणाकार करा आणि गोलकीपरच्या तीननं गुणा. उत्तर येतं ७ लाख ३ हजार ९६४ कोटी आणि वर थोडे.

सात लाख कोटी हा आकडा बजेटच्या भाषणात ऐकून ऐकून गुळगुळीत झालाय. त्याला वजन यायचं तर समोर बघायला हवं, आणि आमच्या समोर उजनी होती. धरण काठोकाठ भरलं की त्यात साधारण ११७ टीएमसी पाणी असतं. त्यातलं ६३ टीएमसीहून थोडं जास्त मृतसाठ्यातलं, म्हणून तर उन्हाळ्यात इथली माणसं "उजनी मायनसमध्ये गेली" असं म्हणतात. मृतसाठा धरून सगळं पाणी घ्या. ३३२ कोटी घनमीटर, म्हणजे ३ लाख ३२ हजार कोटी लिटर. आता असं ठरवा की, पोरांनी एक संघ मांडला की धरणातून अर्ध्या लिटरची दुधाची पिशवी भरून पाणी काढायचं. दौंड, इंदापूर, करमाळा, माढा या तालुक्यांत पसरलेलं हे सगळं पाणी संपेल, तळाचा गाळ उघडा पडेल, पळसदेवचं बुडालेलं देऊळ कोरडं ठणठणीत उभं राहील, आणि पोरांच्या वहीत बरेच संघ तरीही उरतील.

आणि हे सगळं एकाच व्यूहरचनेत. ४-३-३ लावायचं की ३-४-३, हा वाद मी अजून धरलेलाच नाही. दहा खेळाडू बचाव, मध्य आणि आक्रमण अशा तीन फळ्यांत वाटायचे, प्रत्येक फळीत निदान एक तरी ठेवायचा, तर ३६ रचना होतात. ४-२-३-१ सारख्या चार फळ्या केल्या तर ८४. मिळून १२०. यातल्या कित्येक कुणी शहाणा माणूस लावणार नाही, पण मोजायला त्या आहेतच. आधीच्या आकड्याला १२० नं गुणा, म्हणजे दुधाच्या पिशवीच्या जागी चहाचा चमचा येतो, तोही पुरता न भरलेला. एकेका संघापायी तेवढं चमचाभर पाणी काढत गेलं तरी उजनी आटते.

सेकंदाला एक या वेगानं पहिलेच सात लाख कोटी संघ नुसते वाचायचे म्हटले, तरी २ लाख २३ हजार वर्षं लागतील. खेळवून बघायचे म्हटले, वर्षाला ३८ सामन्यांप्रमाणे, तर साडेअठरा हजार कोटी वर्षं. विश्वाचं वय १३८० कोटी वर्षं आहे. म्हणजे "याला खेळवून बघायला काय हरकत होती?" हा चाहत्याचा प्रश्न कायम उभाच राहणार. सगळं खेळवून बघायला वेळच नाही.

मला खरं आश्चर्य वाटतं ते पुढच्या गोष्टीचं. ही दोन पोरं सात लाख कोटींतून मार्ग काढतात आणि त्यांना मिनिटसुद्धा लागत नाही. गोलकीपर ठरलेला, त्यावर वाद नाही. सात जागा ठरलेल्या. राहिल्या तीन, आणि प्रत्येक जागेला दोन-दोन दावेदार. दोन गुणिले दोन गुणिले दोन, आठ. उजनीभर पाण्यातून आठ पिशव्या! हे त्यांना कुणी शिकवलेलं नाही. शेकडो सामने बघून, कोण कुठल्या पायानं मारतो, कोण सत्तर मिनिटांनंतर ढेपाळतो, कुणाचं कुणाशी जुळतं, हे डोक्यात बसलंय, म्हणून बाकीचे लाखो कोटी संघ त्यांच्या मनात येतही नाहीत. पाखरं उडवताना माझी आई ज्वारीच्या रानाकडे एकदा नजर टाकून कुठल्या कोपऱ्यात थवा बसलाय ते सांगायची. तशीच ही नजर आहे. लोक याला टाइमपास म्हणतात. मला ते मुळीच पटत नाही.

कोल्हापूरच्या पोराकडे ही नजर वारशानं आलीय. त्याचं घर पाटाकडील तालीम मंडळाचं. कोल्हापुरात फुटबॉल हा पेठांचा आणि तालमींचा खेळ. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, फुलेवाडी, ही नावं तिथं घरच्या माणसांसारखी घेतली जातात. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन १९४० ची. म्हणजे संघात कोण हवा आणि कोण नको, यावर तिथं आजोबांनी, बापानं आणि नातवानं एकाच कट्ट्यावर आवाज चढवलाय. परदेशी खेळाडू आणावेत की पेठेतल्याच पोरांना उतरवावं, हा तिथला जुना वाद. १७ वर्षांखालच्या पोरांचा विश्वचषक २०१७ साली भारतात झाला, तेव्हा भारताच्या संघात अनिकेत जाधव हा कोल्हापूरचा खेळाडू होता. त्याच वर्षी १५ सप्टेंबरला महाराष्ट्रात एका दिवसात दहा लाख मुलांना फुटबॉल खेळायला लावायचा सरकारी उपक्रम झाला. आमच्या पुतण्यानं पायानं पहिला बॉल मारला तो तेव्हाच, शाळेच्या मैदानावर.

"लिव्हरपूलचं राहू दे," कोल्हापूरकर म्हणाला, "शाहू स्टेडियमवर ये एकदा. मग कळंल फॉर्म म्हंजे काय ते."

फॉर्म! या शब्दावर मला थांबायलाच हवं. कारण सगळ्यात जास्त डोकेफोड याच शब्दावर होते, आणि सगळ्यात जास्त फसवणूकही इथंच. समजा, एक क्लब असा आहे की, तो निम्मे सामने जिंकतो. ना कमी, ना जास्त. संघ तोच, कोच तोच, सराव तोच. दर सामन्याला नाणं उडवल्यासारखं: छापा आला की विजय, काटा आला की बरोबरी नाही तर हार. मोसमात अशी ३८ नाणी उडतात. आता सांगा, या क्लबवर ओळीनं पाच सामने विजय न मिळण्याची पाळी किती वेळा येईल? मी मोजलं. शंभर मोसमांतल्या साधारण ४५ मोसमांत. जवळजवळ एकाआड एक मोसम! काहीही बिघडलेलं नसताना. त्या पाच सामन्यांत मात्र कोचला हाकला, कॅप्टन बदला, मिडफिल्ड मोडून काढा, असा गदारोळ होतो. मग नाणं पुन्हा छाप्यावर पडायला लागतं आणि नव्या कोचचं कौतुक होतं.

हे मी पोरांना सांगितलं. पुतण्या बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "पण काका, खरंच बिघडलं असलं तर?" प्रश्न बिनतोड होता. नाणं खोटं पडलंय की नशीब फिरलंय, हे पाच सामन्यांवरून सांगता येत नाही, गणितालाही नाही. म्हणून डोळ्यांनी बघावं लागतं: पोरगं पळतंय का, पास कुठं तुटतोय, बॉल गमावल्यावर किती जण मागे फिरतायत. तिथं पुन्हा या दोघांचंच राज्य.

सगळ्या मोसमाचा आकडा तर मती गुंग करणारा आहे. वीस क्लब, ३८० सामने, प्रत्येकाचे निकाल तीनच: विजय, हार, बरोबरी. मोसम किती प्रकारांनी घडू शकतो? २ लिहा आणि त्यावर १८१ शून्यं द्या. दिसणाऱ्या विश्वातले अणू १ वर ८० शून्यं एवढे धरतात. म्हणजे सतराव्या फेरीतच, डिसेंबरात आपल्याकडे गाळप ऐन भरात असताना, मोसमाच्या शक्यता विश्वातल्या अणूंना मागे टाकून जातात. निकाल सोडा, शेवटच्या तक्त्यात वीस क्लब कुठल्या क्रमानं लागतील एवढंच मोजा: २४ लाख ३२ हजार लाख कोटी क्रम. साखरेचा एक दाणा अर्ध्या मिलिग्रॅमचा धरा आणि दर दाण्याला एक तक्ता द्या. बारामती-इंदापूरचे कारखाने कुठल्या कुठं राहिले, देशातल्या सगळ्या कारखान्यांची वर्षाची तीन कोटी टन साखर घेतली, तरी अशी चाळीस वर्षांची साखर लागेल. त्या पोत्यांमधला एक दाणा २०१६ च्या मे महिन्यात खरा निघाला: लेस्टर सिटी सर्वांत वर. मोसमाच्या सुरुवातीला सट्टेवाले त्या क्लबवर एकाला पाच हजार द्यायला तयार होते. आणि त्या मोसमात लेस्टरनं अकरा जणांत फारच कमी फेरफार केले होते.

आता मूळ भांडण, दमलेला लेफ्ट बॅक. या पातळीवरचा खेळाडू सामन्यात दहा-अकरा किलोमीटर धावतो. गोलकीपर सोडून दहा जणांचं मिळून शंभरावर जातं. बारामती ते इंदापूर पन्नासेक किलोमीटर. तुकोबांची पालखी हे अंतर मुक्काम करत करत, काटेवाडीचं मेंढ्यांचं रिंगण आणि बेलवाडीचं अश्वाचं रिंगण बघत तीन दिवसांत चालते. अकरा जणांचा संघ दीड तासात, सगळ्यांची पावलं जोडली तर, बारामतीहून इंदापूरला जाऊन परत येतो. मग माणूस दमणार नाही तर काय होणार?

म्हणून बदली खेळाडू. कोरोनाच्या आधी प्रीमियर लीगमध्ये बेंचवर सात जण बसायचे आणि त्यांतले तीन उतरवता यायचे. कुणाच्या जागी कोण, एवढंच मोजलं तर कोचपुढे ३७ हजार ३८ पर्याय होते. २०२२ च्या मोसमापासून बेंचवर नऊ आणि बदल पाच. पर्याय झाले ८० लाख ७० हजार ५८०. दोनशे पटींहून जास्त! आणि कितव्या मिनिटाला, हे त्यात धरलेलंच नाही. दोन माणसं वाढवली, एवढाच काय तो नियम बदलला, आणि कट्ट्याकट्ट्यावरचा वाद दोनशे पट झाला. "आधी काढायला हवा होता" हे वाक्य मी हल्ली पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त ऐकतो. माझा समज होता की पोरं जास्त बोलायला लागलीत.

सामना ६८ व्या मिनिटाला आला होता, बरोबरी चालू होती. तेवढ्यात पाणी सरीच्या टोकाला पोचल्याचा आवाज आला. पुतण्या खोरं घेऊन उठला. त्याची बॅटरी उसात शिरली, पाचटाचा खसखसाट लांब लांब गेला. इकडे मोबाईलमध्ये चौथ्या पंचानं कडेला पाटी वर केली. लाल आकडा, हिरवा आकडा. कोल्हापूरकर पुढं वाकला, स्टार्टरच्या पेटीवर त्याचा श्वास धुक्यासारखा पसरला.

उसातून आवाज आला, "काका, कुणाला काढलं?"

"लेफ्ट बॅक!" मी ओरडलो.

"आणि आत कोण?"

कोल्हापूरकरानं नाव सांगितलं. मग बराच वेळ नुसता पाण्याचा आवाज. मागून दार फोडल्याचा खोऱ्याचा धप्पकन आवाज आला, आणि अंधारातून:

"त्याला कशाला?"