माशी दिसली पाहिजे

सकाळी सहा

शिरूरला आमच्या जुन्या धान्याच्या गोदामात दहा मीटरची एकच लेन आहे. टोकाला पोलादी पेलेट ट्रॅप, त्याच्या मागे वाळूच्या पोत्यांची थप्पी, वर टार्गेटपुरता एलईडीचा दिवा. मी ऑप्टोमेट्रिस्ट. दिवसभर लोकांच्या डोळ्यांचे नंबर काढते. पण सकाळचा पहिला तास या लेनवर जातो, कारण पन्नाशी ओलांडलेला डोळा नेम धरताना नेमका कुठे अडतो, ते तपासणीच्या खुर्चीत बसून कळत नाही.

एअर रायफलच्या टार्गेटवरचा काळा गोल साडेतीस मिलिमीटरचा असतो आणि त्याच्या मध्यावरचा दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. दहा मीटरवरून तो ठिपका विशीतल्या पोरांनाही दिसत नाही. तो दिसायची गरजही नसते. नळीच्या टोकावर जी रिंग असते, जुनी माणसं जिला माशी म्हणतात, तिच्या आत काळा गोल चारी बाजूंनी सारखा पांढरा काठ सोडून बसवायचा, एवढंच डोळ्याचं काम. रिंगची कड धारदार दिसली तर पांढऱ्या काठातला केसभर फरकसुद्धा मेंदूला कळतो. कड धुरकट झाली की काहीच कळत नाही आणि पेलेट पसरायला लागतात. मग माणूस श्वासाला, ट्रिगरला आणि शेवटी रायफललाच दोष देतो.

आज प्रकाश मुद्दाम कमी-जास्त करून पाहिला. वयानुसार बाहुली लहान होते, डोळ्यातलं भिंग पिवळसर होतं, पडद्यापर्यंत उजेड कमी पोचतो. टार्गेटवर भरपूर उजेड आणि उभं राहायच्या जागी मंद, ही मांडणी मला सगळ्यात मानवते. समोरून डोळ्यावर तिरीप आली तर कड लगेच पुसट होते.

नऊ

दुकान उघडलं. पहिलाच फोन रांजणगाव एमआयडीसीतून, एका सुपरवायझर दादांचा. सुट्टीच्या दिवशी क्लबवर नेमबाजी करतात. "मॅडम, मागच्या महिन्यातला चष्मा आता चालतच नाही." मी आधी साखर विचारली. वाढलेली होती. साखर चढली की डोळ्यातल्या भिंगात पाणी ओढलं जातं आणि नंबर सरकतो. उतरली की पुन्हा हलतो. अशा दिवसांत काढलेल्या नंबरावर नेमबाजीची काच करून घेणं म्हणजे पैसे पाण्यात. साखर काही आठवडे स्थिर राहू द्या, मग या, असं सांगितलं. उरलेली सकाळ शाळकरी मुलांच्या नंबरांत गेली.

साडेदहा

ट्रायल बॉक्स, ट्रायल फ्रेम, मोजपट्टी, मार्कर आणि चिकटपट्टी गाडीत टाकून दौंडला निघाले. न्हावऱ्यावरून चौफुला, तिथून पाटस आणि मग दौंड. वाटेत पारगावजवळ भीमा ओलांडली की दोन्ही बाजूंना ऊस लागतो आणि केडगावच्या अंगाला गुऱ्हाळांचा धूर.

या वाटेवर बहुतेक फोन एकाच प्रश्नाचे येतात: "ताई, डोळे कमी झालेत, कोणती दुर्बीण लावू?" उत्तर देण्याआधी मी उलट विचारते, कुठल्या प्रकारात खेळता? कारण ऑलिम्पिक पद्धतीच्या दहा आणि पन्नास मीटर रायफलमध्ये दुर्बीण चालतच नाही. ज्या प्रकारात स्वप्नील कुसळे यांनी 1 ऑगस्ट 2024 ला 451.4 गुणांवर ऑलिम्पिकचं कांस्य आणलं, त्या पन्नास मीटर थ्री पोझिशनमध्येही मागे बारीक भोकाची पीप साइट आणि पुढे रिंगच. आपल्याकडे राज्य स्पर्धा, मग मावळंकर स्पर्धा, मग राष्ट्रीय, अशी चढण आहे. (लोकसभेचे पहिले सभापती दादासाहेब मावळंकर यांनीच 1951 मध्ये राष्ट्रीय रायफल संघटना उभी केली.) ज्याला ही चढण चढायची आहे त्यानं दुर्बिणीवर खर्च करू नये. तो पैसा काचेवर आणि चांगल्या पीप साइटवर लावावा.

चाळिशीनंतर होतं काय? विशीत डोळ्यातलं भिंग क्षणात जवळ-लांब करतं. पुढे ते ताठर होत जातं आणि साठीपर्यंत ही ताकद जवळजवळ संपते. ओपन साइटच्या बंदुकीत डोळ्याला तीन गोष्टी सांभाळायच्या असतात: मागची खाच, पुढची माशी आणि टार्गेट. ताठर भिंगाला तीन अंतरं एकदम झेपत नाहीत. पीप साइटमध्ये मागच्या भोकाकडे बघायचं नसतं, त्यातून आरपार बघायचं असतं, म्हणून राहिल्या दोन. शिवाय बारीक भोकामुळे जवळचं आणि लांबचं दोन्ही बऱ्यापैकी स्पष्ट होतं. दुर्बिणीत टार्गेट आणि क्रॉसहेअर एकाच पातळीवर येतात, राहिली एकच. दुर्बिणीचा खरा उपकार हा आहे. वस्तू मोठी दिसणं त्यानंतरचं.

बारा

दौंडला राज्य राखीव पोलीस बलाचे दोन गट आहेत, क्रमांक 5 आणि क्रमांक 7, आणि जवळच नानवीजला प्रशिक्षण केंद्र. त्यामुळे या गावात निवृत्त झालेल्या आणि हातात रायफल मुरलेल्या माणसांना तोटा नाही. आजचे काका त्यातलेच. नोकरी एसएलआर रायफलवर गेली, आता मास्टर्स गटात एअर रायफल खेळतात. घराच्या मागच्या पडवीत लेन केली आहे. 4.5 मिलिमीटर बोअरची, 20 ज्यूलच्या आतली एअर रायफल असल्यानं 2016 च्या शस्त्र नियमांप्रमाणे तिला परवाना लागत नाही. तरी काकांची शिस्त अशी की लेनच्या बाजूचं दार आतून बंद आणि पोत्यांची भिंत छातीपेक्षा उंच.

काकांना प्रोग्रेसिव्ह चष्मा आहे. रस्त्यावर, पेपरला उत्तम. "काका, चष्म्यासकट पोझिशन घ्या," म्हटलं. त्यांनी गाल स्टॉकवर टेकवला, मान पुढे झुकली, किंचित कललीही. मी त्यांच्या उजव्या काचेवर पारदर्शक चिकटपट्टी लावली आणि बुबुळासमोर येईल तिथे मार्करनं ठिपका केला. चष्मा काढून पाहिला तर ठिपका काचेच्या वरच्या, नाकाकडच्या कोपऱ्यात, फ्रेमला जवळजवळ चिकटून. काचेचा ऑप्टिकल सेंटर तिथून बराच खाली. त्या कोपऱ्यातून बघताना नंबर बदलतो, रेषा वाकतात, आणि मान जरा हलली की पुन्हा सगळं वेगळं.

मग मोजपट्टीनं डोळ्यापासून माशीपर्यंतचं अंतर घेतलं. एक मीटर भरलं. इथून हिशेब सोपा आहे. एक मीटरवरच्या वस्तूसाठी आरामात असलेल्या डोळ्याला एक डायॉप्टर, म्हणजे चष्म्याचा एक नंबर, जास्त लागतो, दहा मीटरवरच्या टार्गेटसाठी एक दशांश. दोन्हींच्या मधोमध येतो साधारण अर्धा. पन्नास मीटरला टार्गेटचा वाटा आणखी घटतो, तरी मधला आकडा अर्ध्याजवळच राहतो. म्हणून रायफलवाल्याच्या लांबच्या नंबरात अधिक अर्धा मिळवायचा, ही सुरुवात. वाचनाचा पूर्ण नंबर मिळवला तर डोळा हातभर अंतरावर रोखला जातो, माशीही धूसर आणि टार्गेट तर राखाडी डाग.

काकांचा उजव्या डोळ्याचा लांबचा नंबर अधिक एक, सिलिंडर, म्हणजे एका दिशेपुरता नंबर, उणे पाऊण. ट्रायल फ्रेममध्ये अधिक दीड घातला, सिलिंडर तसाच ठेवला, आणि फ्रेम अशी वाकवली की काच नजरेला काटकोनात येईल.

"आता टार्गेट विसरा. रिंगची कड कशी दिसते ते सांगा."

"ताई, आधी दोन कडा दिसायच्या. सावली पडल्यागत. आता एकच हाय."

"आणि काळा गोल?"

"गोल जरा मऊ दिसतोय. पण गोलच हाय."

हवं ते हेच. माशी धारदार, टार्गेट किंचित मऊ. खात्रीसाठी पाव खाली आणि पाव वर अशा काचा घालून प्रत्येकीवर ग्रुप, म्हणजे एकाच नेमावर लागोपाठ मारलेल्या पेलेटांचा पुंजका, घेतला, आणि मधल्याच काचेचा ग्रुप सगळ्यात आवळ निघाला. डोळ्याचं मत आणि कागदाचं मत जुळेपर्यंत मी नंबर लिहून देत नाही.

पुढची रिंग एक माप मोठी लावायला सांगितली. चांगलं दिसत नाही म्हणून लोक रिंग लहान करतात, पण वयस्क डोळ्याला काळ्याभोवती भरपूर पांढरं लागतं. मागच्या पीप साइटच्या आयरिसचं भोक काकांनी पार बारीक केलं होतं. त्यानं कड येते, पण उजेड जातो, आणि फार बारीक भोकातून प्रकाश पसरून चित्र उलट मऊ पडतं. एक मिलिमीटरच्या जरा वर आणून ठेवलं. डावा डोळा ते घट्ट मिटायचे. त्याचा ताण उजव्यावर येतो. त्या डोळ्यासमोर दुधी प्लास्टिकची पट्टी लावली, नियमात 30 मिलिमीटर रुंदीपर्यंतची चालते, आणि दोन्ही डोळे उघडे ठेवायला सांगितलं. आणखी एक गोष्ट त्यांना लिहूनच दिली: सात-आठ सेकंदांत शॉट सुटला नाही तर रायफल खाली. त्यापुढे डोळ्याला दिसतं ते जुनं चित्र.

काकूंनी तोवर पिठलं-भाकरी वाढली होती.

अडीच

पाटसजवळ एका शिक्षकांकडे. यांना स्पर्धा खेळायची नाही, स्प्रिंगची एअर रायफल आहे, सुट्टीत कागदावर ग्रुप घ्यायचे एवढीच हौस. इथे दुर्बीण योग्य. पण त्यांनी सेकंडहँड आणलेली दुर्बीण दहा मीटरवर धूसर दिसत होती. ती मोठ्या रायफलीची, पॅरॅलॅक्स, म्हणजे टार्गेट आणि क्रॉसहेअर एका पातळीवर येण्याचं अंतर, शंभर यार्डावर पक्कं केलेलं. नंबर बदलून हे सुटत नाही. दहा मीटरपर्यंत फोकस उतरवता येणारी दुर्बीण घ्या, आणि ती स्प्रिंग रायफलीसाठी बनवलेली आहे ना ते विचारा, असं सांगितलं. स्प्रिंगची बंदूक मागे आणि पुढे असे दोन धक्के देते, साध्या दुर्बिणीचं आतलं काम त्यात सैल होतं.

त्यांना चोवीस पट हवी होती. मी नको म्हटलं. समोरच्या काचेचा व्यास भागिले पट, एवढ्या मापाचा प्रकाशाचा झोत डोळ्यात शिरतो. 40 मिलिमीटरची दुर्बीण नऊ पटीवर साडेचार मिलिमीटरच्या आसपास देते, चोवीस पटीवर दोनसुद्धा नाही. मग डोकं केसभर हललं की चित्र काळं. वर चैत्र-वैशाखात आपल्याकडच्या रानात जमिनीवरून उठणारी झळ जास्त पटीत टार्गेट नुसतं नाचवते.

दुर्बिणीच्या मागच्या कड्यावर डोळ्याचा नंबर जुळवता येतो, म्हणून चष्मा काढून चालेल, असा समज आहे. साध्या नंबराला ते खरं. सिलिंडर मात्र त्या कड्यानं जात नाही, आणि गुरुजींना तो आहे, त्यामुळे त्यांना चष्मा लावूनच बघावं लागेल आणि डोळ्यापासून पुरेसं अंतर देणारी दुर्बीण लागेल. रेड डॉट साइटबद्दलही त्यांनी विचारलं. डॉट चांदणीसारखा फुटलेला दिसला तर मान तिरपी करून बघा. चांदणीही मानेबरोबर फिरली तर दोष डोळ्याचा, उपकरण परत करू नका.

साडेचार

कुरकुंभ रस्त्यावर एक जुने नेमबाज भेटले. उजव्या डोळ्याला मोतीबिंदू, ऑपरेशन ठरलेलं. कुणीतरी त्यांना मल्टिफोकल भिंग सुचवलं होतं, वाचायला चष्मा लागणार नाही म्हणून. घरात वावरणाऱ्याला ते सोयीचं असेल. नेमबाजाला त्यात काळ्या-पांढऱ्यातला फरक कमी होतो आणि दिव्याभोवती वलयं येतात. मी त्यांच्या सर्जनसाठी चिठ्ठी लिहिली: हा नेम धरायचा डोळा आहे, एकाच अंतराचं भिंग विचारात घ्यावं, माशीसाठीची काच आम्ही वरून देऊ. ऑपरेशननंतर डोळा स्थिर होईपर्यंत नवा नंबर काढायचा नाही, हेही बजावलं. ते विचारत होते, आता या वयात खेळणं शोभतं का. नेमबाज तेजस्विनी सावंत यांचं पहिलं ऑलिम्पिक वयाच्या चाळिसाव्या वर्षी झालं, टोकियोला. स्वीडनच्या ऑस्कर स्वान यांनी 1920 च्या ऑलिम्पिकमध्ये बहात्तराव्या वर्षी पदक घेतलं. नेमबाजीत वय आडवं येतं ते डोळ्याच्या वाटेनं, आणि ती वाट बऱ्याच अंशी दुरुस्त करता येते.

सात

शिरूरला परत. काकांची ऑर्डर टाकली: एकाच नंबराची काच, मोठ्या गोल फ्रेममध्ये, ऑप्टिकल सेंटर मार्करच्या ठिपक्यावर. परदेशी शूटिंग फ्रेम नंतर घेता येईल, आधी यावर एक हंगाम जाऊ द्या.

तुमचं वय चाळीसच्या पुढे असेल आणि ग्रुप पसरायला लागला असेल, तर दुकानात दुर्बीण बघायला जाण्याआधी एक काम करा. रिकामी रायफल खांद्याला लावा, घरच्या कुणाला तरी डोळ्यापासून माशीपर्यंतचं अंतर मोजायला सांगा, ते कागदावर लिहा, आणि तो कागद घेऊन तुमच्या चष्मेवाल्याकडे जा. लांबचा आणि जवळचा नंबर तो काढेलच. त्याला हा तिसरा नंबर मागा.