विजारीची फेरशिलाई

वापरलेली विजार अंगाला पुन्हा नीट बसावी म्हणून तिच्या शिवणी उसवून, माप कमीजास्त करून ती पुन्हा शिवण्याची क्रिया. व्यवहारात हिला ‘अल्टर करणे’ किंवा ‘फिटिंग करणे’ असे म्हणतात. नवी विजार बेतण्याहून हे काम वेगळे आहे. कारण येथे कापड आधीच कापलेले असते आणि शिवणीच्या आत जेवढे शिल्लक असेल तेवढ्यावरच भागवावे लागते. या शिल्लक कापडाला शिंपी ‘माया’ म्हणतात. विजार मोठी करता येईल की नाही, हे बव्हंशी मायेवर ठरते. म्हणून काही उसवण्यापूर्वी विजार उलटी करून प्रत्येक शिवणीतील माया मोजतात.

शिंप्याकडून शिवून घेतलेल्या पुरुषांच्या विजारीत आसनाच्या, म्हणजे मागील मधल्या शिवणीला कमरेपाशी दोन्ही बाजूंस सु. २·५ ते ४ सेंमी. माया ठेवण्याची जुनी रीत आहे. ती जांघेकडे निमुळती होत सु. १ सेंमी. राहते. कंबरपट्टाही याच ठिकाणी जोडलेला असतो. माणसाची कंबर पुढेमागे वाढणार, हे गृहीत धरूनच ही सोय केलेली असते. तयार कपड्यांच्या कारखान्यांत मात्र कापडाच्या बचतीसाठी बहुतेक शिवणींना जेमतेम १ सेंमी. माया देऊन कडा ओव्हरलॉक करतात. अशी विजार लहान करता येते, मोठी सहसा करता येत नाही. शिलाई जास्त पडली, तरी शिंप्याची विजार या दृष्टीने अखेर स्वस्तच पडते.

कंबर वाढविण्यासाठी मागील मधला लूप काढून कंबरपट्टा तेथे सोडवतात आणि आसनाची शिवण वरून सु. १५ सेंमी. उसवतात. प्रत्येक बाजूस १·५ सेंमी. माया सोडल्यास घेर ३ सेंमी. वाढतो. नवी टीप जुन्या टिपेला एकदम न भिडवता हळूहळू मिळवावी लागते; नाहीतर तेथे टोक येऊन कापड फुगते. आसनाचा वळणाचा भाग कापडाच्या उरेब दिशेत येतो आणि बसताना त्याच्यावर मोठा ताण पडतो. त्यामुळे तेथे दुहेरी टीप मारतात. कंबर कमी करण्याची कृती याच्या उलट. मात्र ५ सेंमी.हून अधिक घेर याच एका शिवणीत घेतला, तर मागचे खिसे एकमेकांजवळ येतात व बाजूच्या शिवणी मागे ओढल्या जातात. जादा घेर बाजूंच्या शिवणींत वाटून घेणे हा त्यावर उपाय होय. पण तेथे खिसे असल्याने घरगुती शिवणकामात तो अवघड जातो.

आसनाची उंची कमी पडत असेल, तर ती वाढविता येत नाही. मांडीच्या आतील शिवणीत मागच्या भागाची माया थोडी सोडून जांघेत सैलपणा आणता येतो, एवढेच. बसल्यावर आवळणारी विजार केवळ कंबर सोडल्याने सुधारत नाही, ही गोष्ट नवशिक्याच्या सहसा ध्यानात येत नाही.

मोहरी, म्हणजे पायाच्या तळाचा घेर, अरुंद करताना आतील व बाहेरील अशा दोन्ही शिवणी सारख्याच आत घ्याव्या लागतात. घेर ४ सेंमी. कमी करावयाचा असल्यास प्रत्येक टीप १ सेंमी. आत येते. एकाच बाजूने कापड घेतल्यास उभ्या धाग्यावर असलेली इस्तरीची घडी मध्यावर राहत नाही आणि पाय पिळल्यासारखा दिसतो. कच्चा टाका घालून, विजार अंगावर चढवून, बसून-वाकून पाहिल्यावरच जादा कापड कापतात. शक्य तर ते न कापता आतच ठेवणे शहाणपणाचे ठरते. कारण एकदा कापलेली माया परत मिळत नाही.

लांबी वाढविण्यासाठी तळाची दुमड उसवतात. ‘वाढत्या अंगाचे’ कपडे शिवण्याच्या मराठी घरांतील पद्धतीत मुलांच्या विजारींना मुद्दाम मोठी दुमड ठेवीत आणि मूल उंच होईल तशी ती सोडीत. दुमड अपुरी असल्यास आतून वेगळी पट्टी जोडून पूर्ण लांबी मिळविता येते. दुसऱ्या महायुद्धात ग्रेट ब्रिटनमध्ये कापड वाचविण्यासाठी १९४२ मध्ये पुरुषांच्या विजारींच्या तळाची बाहेरची उलटी घडी बंद करण्यात आली. तेव्हा लांब विजार विकत घेऊन ती घरी दुमडण्याची पळवाट अनेकांनी काढली. १९४४ मध्ये हा निर्बंध उठला. जुने कपडे दुरुस्त करून वापरण्याविषयी तेथील व्यापार मंडळाने १९४३ मध्ये मेक डू अँड मेंड ही पुस्तिका काढली होती.

उसवलेल्या जागी जुन्या घडीची रेघ व सुईची छिद्रे दिसतात. लोकरी कापडावर ओले फडके ठेवून इस्तरी केल्यास ती बरीचशी मिटतात. सुती कापडाचा घडीवरचा रंग झिजलेला असतो, तो परत येत नाही. पॉलिएस्टरमध्ये उष्णतेने बसलेली घडी तर जवळजवळ कायमची असते. मांडीचे वा आसनाचे कापड उजेडासमोर धरल्यावर विरळ दिसले, तर फेरशिलाईचे श्रम वाया जातात. नवी शिवण टिकते आणि तिच्या शेजारी कापड फाटते. जीन्सच्या पायाच्या आतील शिवणीत दोन्ही कडा एकमेकींत दुमडून दुहेरी टीप मारलेली असते. ती उसवणे वेळखाऊ असून तिच्या जाड थरांसाठी यंत्राला १६ क्रमांकाची सुई लावतात व जाड सांध्यांवरून चाक हाताने फिरवून टीप पुढे नेतात.