घरबसल्या अ‍ॅपनिर्मितीचे शिक्षण : रोज एक तास, रोज एक पायरी

कोरोना विषाणूच्या साथीमुळे २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागू झाली. प्रारंभी २१ दिवसांची असलेली ही मुदत टप्प्याटप्प्याने वाढत ३१ मेपर्यंत गेली. या ६८ दिवसांत शाळा-महाविद्यालयांची दारे बंद होती आणि असंख्य माणसांना घरातच दिवस काढावे लागले. सक्तीच्या या मुक्कामात अनेकांनी मोबाइलवर चालणारी अ‍ॅप तयार करण्याची विद्या आत्मसात करण्यास आरंभ केला. काहींचा उत्साह आठवड्याभरातच ओसरला. काही मात्र नेटाने पुढे गेले. हा फरक केवळ बुद्धीचा नव्हता. ज्यांनी अभ्यासाचे लहान लहान हप्ते पाडले आणि एकही दिवस चुकविला नाही, ते टिकून राहिले. टाळेबंदी संपली, परंतु शहरातील शिकवणी वर्गापासून दूर राहणाऱ्या विद्यार्थ्याला अभ्यासाची ही रीत आजही तितकीच उपयुक्त आहे.

अ‍ॅपची तीन अंगे

कोणतेही अ‍ॅप एखाद्या कार्यालयासारखे असते. कार्यालयात नागरिकासमोर खिडकी असते, आत कामकाजाचे नियम असतात आणि त्यामागे दप्तर असते. अ‍ॅपमध्येही पडद्यावर दिसणारा दर्शनी भाग, आलेल्या माहितीवर काय प्रक्रिया करावयाची हे सांगणारी आज्ञावली आणि माहितीचा साठा अशी तीन अंगे असतात. आज्ञावली लिहिणे म्हणजे संगणकाला समजेल अशा भाषेत, एकही पायरी न गाळता, कामाची रीत सांगणे. संगणक अंदाज बांधीत नाही. जे सांगितले असेल तेवढेच तो करतो. म्हणूनच या विद्येत पाठांतरापेक्षा विचारांच्या शिस्तीला अधिक महत्त्व आहे.

दिवसांची आखणी

दिवसागणिक अभ्यासाचा एक प्रसिद्ध नमुना म्हणजे पॉल हडसन या ब्रिटिश लेखकाचा ‘हंड्रेड डेज ऑफ स्विफ्टयूआय’ हा विनामूल्य पाठ्यक्रम. टाळेबंदीच्या आधी, २०१९ मध्ये तो सुरू झाला. रोज सुमारे एक तास, असे शंभर दिवस, ही त्याची मांडणी. पहिला पंधरवडा भाषेच्या प्राथमिक ओळखीसाठी राखून ठेवलेला असतो. त्यानंतर विद्यार्थी जे पहिले अ‍ॅप तयार करतो, ते उपाहारगृहाचे बिल मित्रांमध्ये वाटून देण्याचे असते. विषय साधा आहे. परंतु माहिती घेणे, हिशेब करणे आणि उत्तर दाखविणे ही तिन्ही कामे त्यात येतात. झालेल्या अभ्यासाची रोज इतरांजवळ नोंद करावी, असाही या पाठ्यक्रमाचा दंडक आहे. एकट्याने शिकणाऱ्याला अशा नोंदीचा मोठा आधार वाटतो.

एक परिचित उदाहरण

आपल्या गावांना जवळचे उदाहरण पाण्याचे घेता येईल. जल जीवन मिशनमध्ये ग्रामीण भागासाठी दरडोई दररोज ५५ लिटर पाणी हे प्रमाण धरले आहे. कुटुंबातील माणसांची संख्या भरली की पाण्याची गरज सांगणारे अ‍ॅप नवशिक्याला करता येईल. पाच माणसांसाठी २७५ लिटर, १,२०० लोकवस्तीसाठी ६६,००० लिटर असे उत्तर त्याने द्यावे.

गुणाकार एका ओळीत होतो. खरी परीक्षा पुढे असते. रकाना रिकामा राहिला तर काय? संख्येऐवजी कोणी अक्षरे लिहिली तर काय? देवनागरी अंक भरले तर अ‍ॅप ते ओळखेल काय? शिवाय स्विफ्ट वा कोटलिन या भाषांत दोन पूर्णांकांचा भागाकार केल्यास अपूर्णांक गळून पडतो. सातला दोनने भागले असता साडेतीन न येता तीन येतात. रास्त भाव दुकानाच्या किंवा पाणीपट्टीच्या हिशेबात अशी चूक राहिली, तर नुकसान नागरिकाचे होईल. म्हणून रोजच्या तासातील काही मिनिटे चाचणीसाठी राखून ठेवणे आवश्यक आहे.

साधनांचा प्रश्न

स्विफ्टच्या वरील पाठ्यक्रमासाठी अ‍ॅपल कंपनीचा मॅक संगणक लागतो. अँड्रॉइड स्टुडिओ हे साधन विनामूल्य असले तरी त्याला किमान ८ जीबी स्मृतीचा संगणक हवा. साध्या संगणकावर सुरुवात करणाऱ्यांसाठी अमेरिकेतील एमआयटी या संस्थेचे ‘अ‍ॅप इन्व्हेंटर’ सोयीचे आहे. त्यात आज्ञा टंकित कराव्या लागत नाहीत. रंगीत ठोकळे एकमेकांत बसवून आज्ञावली तयार होते. ते इंटरनेटवरून चालते आणि तयार झालेले काम मोबाइलवर लगेच पाहता येते. मुंबईच्या आयआयटीच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ उपक्रमातही संगणकविषयक छोटे दृक्‌श्राव्य पाठ असून त्यांतील अनेक मराठीत आहेत.

तथापि, टाळेबंदीने विषमताही उघडी पाडली. ज्या घरात एकच मोबाइल होता आणि तो वडिलांबरोबर कामावर जात होता, त्या घरातील मुलीला हा रोजचा तास मिळाला नाही. तिच्या ठायी जिद्द होती, साधन नव्हते.

वयाचे बंधन नाही

ही विद्या तरुणांचीच, असाही समज आहे. जपानमधील मासाको वाकामिया या बँकेतून निवृत्त झालेल्या महिलेने २०१७ मध्ये, वयाच्या ८१ व्या वर्षी, ‘हिनादान’ हा बाहुल्यांच्या पारंपरिक उत्सवावरील मोबाइल खेळ स्वतः तयार करून प्रसिद्ध केला. वृद्धांना आवडतील असे खेळ मिळत नाहीत, ही उणीव त्यांना जाणवली होती. गरज ज्याला नेमकी ठाऊक असते, त्याने आज्ञावली शिकली की असे काम उभे राहते.

गावपातळीवर काय करता येईल

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये इयत्ता सहावीपासूनच्या टप्प्यात संगणकीय आज्ञालेखनाची ओळख करून देण्याचा समावेश आहे. त्या दृष्टीने शाळेतील संगणक सायंकाळी तासभर खुले ठेवणे, ही पहिली पायरी ठरेल. शिक्षकाने स्वतः सर्व काही जाणले पाहिजे असे नाही. रोजची हजेरी आणि रोजची नोंद त्याने पाहिली तरी पुरे. पंचायत सदस्यांनी गावाची एखादी गरज पायरीपायरीने लिहून विद्यार्थ्यांसमोर ठेवावी. दाखल्यासाठी कोणती कागदपत्रे लागतात, नळाला पाणी कोणत्या वेळी येते, असे विषय आरंभी पुरेसे आहेत. मात्र नागरिकांचे आधार क्रमांक किंवा आजारपणाची माहिती सरावाच्या अ‍ॅपमध्ये गोळा करू नये. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ मध्ये स्वतंत्र कायदा झाला आहे, याचे भान प्रथमपासून असावे.

टाळेबंदीत लाभलेला मोकळा वेळ परिस्थितीने लादलेला होता. आता तोच एक तास आपल्याला ठरवून काढावा लागेल. आणि ज्या मुलीच्या वाट्याला तो त्या वेळी आला नाही, तिच्यापासून त्याचा आरंभ व्हावा.