पेटी, दिवा आणि झाकण : हिब्रू मंदिरातल्या तीन शब्दांचे अर्थ

आपल्या यवतमाळात 1953 ते 1983 या काळात युनियन बिब्लिकल सेमिनरी होती, पुढे ती पुण्याला गेली. बायबल मुळातून वाचता यावे म्हणून तिथे हिब्रू शिकवली जात असे. आता कुणी म्हणेल, मराठी बायबल हाताशी असताना हिब्रूचा खटाटोप कशाला? उत्तर म्हणून मी मंदिरातल्या तीन वस्तू तुमच्यापुढे ठेवतो.

पहिली वस्तू 'कराराचा कोश'. दहा आज्ञांच्या दगडी पाट्या यात ठेवलेल्या होत्या. 'कोश' म्हटले की कसे भारदस्त वाटते! मूळ शब्द आहे 'आरोन'. त्याचा अर्थ पेटी, बस्स. उत्पत्तीच्या शेवटी योसेफाचे शव मिसरात ज्या पेटीत ठेवले, तीही आरोन. मंदिराच्या डागडुजीसाठी यहोयादा याजकाने झाकणाला भोक पाडून दानपेटी ठेवली, तीही आरोनच. तालमुदात यावर सुंदर विवेचन आहे. रानातून जाताना इस्राएल लोकांबरोबर दोन आरोन होत्या, एक मृताची आणि एक देवाची. दोन्ही शेजारी कशा चालतात? तर एका पेटीतल्या माणसाने दुसऱ्या पेटीतले लेख पाळले होते म्हणून! मराठीत एकीला कोश आणि दुसरीला शवपेटी म्हटले, की हा सगळा अर्थ हातचा जातो.

दुसरी वस्तू 'मेनोरा', म्हणजे दिव्याची जागा. 'नेर' म्हणजे दिवा. अरबीतला 'नूर' आणि आपल्या ओळखीचा 'मिनार' याच कुळातले. मराठी बायबलात हिला 'दीपवृक्ष' म्हटले आहे. मूळ शब्दात वृक्ष नाही, पण निर्गमातले वर्णन वाचा : मधला दांडा, सहा फांद्या, बदामाच्या फुलांसारख्या वाट्या. इथे भाषांतरकाराने शब्द सोडला, पण वस्तू नेमकी पकडली.

तिसरी वस्तू जरा अवघड. कोशावरचे सोन्याचे झाकण, 'कप्पोरेत'. मराठीत झाले 'दयासन'. आता बघा हं, मूळ शब्दात दयाही नाही आणि आसनही नाही. धातू आहे क-प-र. त्याचा मूळ अर्थ झाकणे की पुसून टाकणे, यावर पंडितांत वाद आहे; पण प्रायश्चित्ताशी त्याचे नाते पक्के. कोकणातले आपले बेने इस्राएल बांधव पाळतात तो 'योम किप्पुर' याच धातूचा. त्या दिवशी महायाजक कप्पोरेतवर रक्त शिंपडीत असे. ल्यूथरने जर्मनमध्ये 'कृपेचे आसन' असा शब्द केला, इंग्रजीने तीच वाट धरली आणि आपले दयासनही त्याच घराण्यातले. फरक केवढा पडला! आसन म्हटले की वर बसलेला दयाळू राजा दिसतो. कप्पोरेत म्हटले की चुकलेल्या माणसाने करायचे प्रायश्चित्त दिसते.

म्हणून सांगतो, मराठी बायबल जरूर वाचा, त्याची भाषा गोड आहे. पण शब्द फार भारदस्त वाटला, की क्षणभर थांबून विचारा : हा भारदस्तपणा मुळातला, की भाषांतरातला? हिब्रूत ती साधी पेटीच होती. पवित्र होते ते तिच्यात ठेवलेले.