भिंतीवरचा कागद आणि भिंतीचा मालक

समजा, बीबीच्या बाजारात एका दुकानाच्या भिंतीवर रात्री कोणीतरी गावातल्या मुलीविषयी घाणेरडा कागद चिकटवला. दुकानदाराला त्याची वार्ताही नव्हती; त्याला दोष कसा द्यावा? पण सकाळी मुलीचा बाप येऊन म्हणाला, "शेठ, तेवढा कागद काढा हो," आणि शेठजी म्हणाले, "मी कुठं चिकटवला? मी नाही काढत!" तर मग तिथून पुढे दोषाचा वाटा त्यांच्याही पदरात पडतो.

फेसबुक, इन्स्टाग्राम, यूट्यूब ह्या अशाच भिंती आहेत. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० ह्याचे कलम ७९ सांगते की, दुसऱ्याने टाकलेल्या मजकुराबद्दल कंपनीला संरक्षण आहे. मात्र ते अटींवर आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली निकाल दिला की, न्यायालयाचा किंवा सरकारचा आदेश आला म्हणजेच कंपनीला मजकूर 'कळला' असे धरावे. पण उघडेवाघडे छायाचित्र तर तासाभरात चार गावे फिरते! बाईमाणसाने आदेशाची वाट किती पाहावी?

म्हणून २०२१ च्या नियमांनी निराळी वाट काढली. नग्न किंवा लैंगिक छायाचित्र असो, की यंत्राने चेहरा जोडून केलेले खोटे चित्र असो, त्या बाईची तक्रार येताच कंपनीने २४ तासांत ते हटवावे, असे ठरले. पुढे २०२६ मध्ये ही मुदत आणखी आखडण्यात आली. तक्रार तिच्या वतीने भाऊ, मैत्रीण किंवा गुरुजीही करू शकतात. कंपनीने नियम मोडला तर कलम ७९ चे छत्र जाते. छत्र गेले म्हणजे लगेच शिक्षा झाली, असे मात्र नव्हे. कंपनीला न्यायालयात उत्तर द्यावे लागते. तक्रार फेटाळली तर ३० दिवसांत केंद्र सरकारच्या अपील समितीकडे जाता येते.

उशीर झाला की काय होते पाहा. जुलै २०२१ मध्ये अनेक मुसलमान स्त्रियांची छायाचित्रे 'लिलावा'साठी म्हणून गिटहब ह्या संकेतस्थळावर मांडली गेली. तेव्हा कोणाला अटक झाली नाही. जानेवारी २०२२ मध्ये तोच प्रकार त्याच ठिकाणी पुन्हा घडला. ह्या खेपेस मुंबईच्या सायबर पोलिसांनी काही दिवसांतच बंगळूर व उत्तराखंडातून तरुण पकडले. त्यानंतर जुन्या प्रकरणातही अटक झाली.

तेव्हा मंडळी, घाबरून मजकूर पुसू नका. त्याचा दुवा, तारीख, वेळ लिहून ठेवा, कंपनीकडे तक्रार करा आणि पोलीस ठाणे गाठा. गुन्हा कुठेही घडलेला असो, १ जुलै २०२४ पासूनचा नवा कायदा सांगतो की, कोणत्याही ठाण्याने खबर नोंदवून घ्यावी. मुलगी १८ वर्षांखालील असेल तर तसले चित्र पुरावा म्हणूनसुद्धा कोणाला पुढे पाठवू नका; पोक्सो कायद्याने ही खबर पोलिसांना देणे शिक्षकांवरही बंधनकारक आहे.

आणि एक विनंती. अशा वेळी मुलीची शाळा बंद करू नका. तिने काय चूक केली?