असल्यास, नसल्यास

अधिवेशन मुंबईत भरो नाहीतर डिसेंबरात नागपुरात, त्याची पहिली धावपळ सुरू होते ती तालुक्याच्या पंचायत समितीत, आवक शाखेच्या संगणकासमोर. "एलएक्यू आलाय!" (म्हणजे विधानसभेतला प्रश्न) एवढं कुणीतरी म्हटलं की टेबलावरच्या बाकीच्या नस्त्या आपोआप बाजूला होतात. मेलच्या डोक्यावर 'अति तातडीचे – विधानसभा तारांकित प्रश्न' आणि पायाशी 'माहिती आजच सायंकाळपर्यंत न चुकता सादर करावी'. मेल उघडलेला असतो दुपारी चारला. शिपायापासून गटविकास अधिकाऱ्यांपर्यंत कुणालाही मग घड्याळाकडे बघण्याची सोय राहत नाही.

मी ठाणे जिल्ह्यातल्या एका पंचायत समितीतून सहायक म्हणून निवृत्त झालो. घर शहापूर तालुक्यात, किन्हवलीला. इथल्या नाक्यावर अधिवेशनाच्या दिवसांत मोबाइलवर क्लिप फिरतात: आमदार उभे आहेत, हातात कागद आहे, मंत्री "सन्माननीय सदस्यांच्या भावनांशी मी सहमत आहे" असं काहीतरी म्हणताहेत. लोक त्या दीड मिनिटालाच प्रश्न समजतात. मला मात्र त्याच्या आधीचे कित्येक दिवस दिसतात. तो कागद कुठल्या कुठल्या टेबलांवरून फिरून आला असेल याचा अंदाज बसल्याजागी येतो.

प्रश्नाला ठरलेला साचा असतो. वर सदस्यांची नावं आणि कंसात मतदारसंघ. एकाच प्रश्नाखाली बऱ्याचदा पाच-सहा जणांची नावं असतात आणि शहापूरच्या पाण्याच्या प्रश्नावर दुसऱ्याच जिल्ह्यातले सदस्यही दिसतात. मग 'सन्माननीय अमुक मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय' ही ओळ. त्याखाली पोटभाग. पहिल्यात घटना, शेवटी 'हे खरे आहे काय'. दुसऱ्यात 'असल्यास, उक्त प्रकरणी चौकशी केली आहे काय'. तिसऱ्यात 'असल्यास, त्यानुसार कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे'. आणि शेवटी हमखास 'नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत'. आयुष्यात इतकं 'असल्यास' आणि 'नसल्यास' मी वाचलंय की घरातही कधीतरी तोंडातून निघून जातं.

हा कागद विधानमंडळ सचिवालयातून मंत्रालयाच्या विभागाकडे जातो, तिथल्या कक्ष अधिकाऱ्याच्या डेस्कवरून जिल्हा परिषदेकडे, तिथून आमच्याकडे, आमच्याकडून शाखा अभियंत्याकडे आणि शेवटी ग्रामसेवकाकडे. (आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं, पण हाक मारताना 'भाऊसाहेब'च.) भाऊसाहेबांकडे तीन ग्रामपंचायतींचा कारभार, आणि त्या वेळी ते नेमके डोळखांबच्या बाजूला कुठल्यातरी पाड्यावर, जिथे रेंज नाही. शेवटी फोन लागतो. फोनवर जे उत्तर मिळतं ते सरळ असतं: "हो साहेब, विहीर आटलीय. बायका ओढ्यात डवरा उकरून पाणी भरतात."

हेच वाक्य आता वर चढायला लागतं. आमच्या अहवालात ते होतं 'सदर पाड्यातील विहिरीची पाणीपातळी खालावली आहे'. जिल्ह्याच्या टिपणीत होतं 'उन्हाळ्यात काही प्रमाणात टंचाईसदृश परिस्थिती उद्भवते'. मंत्रालयात पोचेपर्यंत त्या ओढ्यातल्या बायका कुठेच नसतात. यात खोटं कुणीच लिहिलेलं नसतं, प्रत्येकाने फक्त आपल्या पायरीपुरता कोपरा घासलेला असतो. छापील यादीत शेवटी येतं: '(१) हे अंशतः खरे आहे.'

'अंशतः' हा आमच्या धंद्यातला सगळ्यात उपयोगी शब्द. समजा, प्रश्नात लिहिलंय की मे महिन्यात बारा पाड्यांना पाणी नव्हतं. तपासलं तर अकरा निघाले आणि टंचाई सुरू झाली एप्रिलच्या शेवटी. झालं! 'अंशतः' लिहायला जागा मिळाली. तारीख पूर्णच चुकली असेल तर थेट 'हे खरे नाही', आणि खालच्या सगळ्या पोटभागांना एकच उत्तर: 'प्रश्न उद्भवत नाही'. माझं तर ठाम मत झालंय की चांगला प्रश्न तावातावाने विचारलेला नसतो. त्यात पाड्याचं बरोबर नाव असतं, गटग्रामपंचायत असते, तारीख असते, जमलं तर आधीच्या निवेदनाचा जावक क्रमांक असतो. असा प्रश्न आला की आमच्या ऑफिसात शांतता पसरायची.

आणि अशा प्रश्नाचा खरा परिणाम उत्तर छापून यायच्या आधीच होतो. कागद खाली आला की त्याच संध्याकाळी शाखा अभियंता पाड्यावर जातो. सहा महिने बंद पडलेला हातपंप तिसऱ्या दिवशी सुरू होतो. टँकरचा प्रस्ताव तहसीलदार आणि गटविकास अधिकारी यांच्या संयुक्त पाहणीवाचून अडकलेला असतो. ती पाहणी एका दुपारी उरकते आणि माणशी २० लिटरच्या हिशेबाने टँकर निघतो. का? तर तिसऱ्या पोटभागापुढे 'कार्यवाही केली आहे' असं लिहिता यावं म्हणून. लोक म्हणतात विधानसभेत प्रश्न विचारून काय होतं. मी म्हणतो, विचारलेल्याने होतं ते कमी, विचारणार आहेत हे कळल्याने होतं ते जास्त.

शहापूर तालुक्यात पाण्यावर प्रश्न का येतात हे बाहेरच्या माणसाला समजावून सांगायला लागतं, कारण नकाशा बघितला तर तालुका पाण्यानेच भरलेला दिसतो. तानसा इथे, भातसा इथे, मोडकसागर आणि मध्य वैतरणाही याच पट्ट्यात. मुंबईचे नळ चालतात ते मुख्यतः आमच्या डोंगरांवर पडणाऱ्या पावसावर. तानसा धरण १८९२ सालचं. आणि मौज अशी की त्याच १८९२ सालच्या इंडियन कौन्सिल्स ॲक्टने मुंबई इलाख्याच्या कायदेमंडळातल्या सभासदांना सरकारला प्रश्न विचारायचा हक्क पहिल्यांदा मिळाला. पाणी मुंबईला गेलं आणि ते कुठे गेलं हे विचारायची सोय, दोन्ही एकाच वर्षी. तेव्हा उपप्रश्न मात्र विचारता येत नव्हता. सरकार जे वाचून दाखवील ते ऐकून खाली बसायचं. उपप्रश्नाचा हक्क १९०९ च्या सुधारणांनी मूळ प्रश्नकर्त्याला दिला आणि १९१९ च्या कायद्याने सगळ्याच सभासदांना.

आज शहापूरच्या पाण्याचा प्रश्न म्हटलं की भावली आलीच. इगतपुरीतलं भावली धरण उंचावर, त्यामुळे पंप न लावता गुरुत्वाने पाणी खाली आणायचं, ९७ गावं आणि २५९ पाड्यांना. हे दोन आकडे तालुक्यातल्या शाळकरी पोरालाही पाठ असतील, इतक्या निवेदनांत, भाषणांत आणि उत्तरांत ते येऊन गेलेत. पांडुरंग बरोरा आमदार असताना आले, आताचे आमदार दौलत दरोडा यांच्या काळातही आले.

पण माझ्या मते पाण्यापेक्षाही अवघड प्रश्न पैशाचा. 'सदर कामास निधी मंजूर करण्यात आला आहे काय' असं विचारलं आणि 'होय' असं उत्तर आलं की गावात पेढे वाटतात. वाटू नयेत. कागदावर पैसा निदान चार अवस्थांतून जातो. आधी प्रशासकीय मान्यता, म्हणजे काम करायला तत्त्वतः हरकत नाही. मग तांत्रिक मान्यता, म्हणजे अंदाजपत्रक अभियंत्याने तपासलं. मग निधी वितरित होतो. निधीवाटपाच्या बीम्स या संगणक प्रणालीवर त्या लेखाशीर्षाखाली रक्कम दिसली तरच तो खरा. मग निविदा, कार्यारंभ आदेश आणि मार्चअखेरीची झुंबड. यातल्या कुठल्याही पायरीवर 'होय' म्हणता येतं आणि प्रत्येक 'होय' खरंच असतं! 'निधीच्या उपलब्धतेनुसार काम हाती घेण्यात येईल' हे वाक्य तर मी इतक्या वेळा टाइप केलंय की बोटांना संगणक लागत नाही. ज्या आमदाराला हे ठाऊक असतं तो 'मंजूर' हा शब्द वापरतच नाही. तो विचारतो, कोणत्या लेखाशीर्षाखाली, किती वितरित, किती खर्च, उरलेला परत गेला काय. एकदा असा प्रश्न आला तेव्हा आमच्या लेखा शाखेतल्या बाईंनी चष्मा काढून कपाळाला हात लावला होता.

आमदाराच्या स्वतःच्या हातात स्थानिक विकास कार्यक्रमाचे वर्षाला पाच कोटी असतात. सभामंडप, गटार, पाड्याचा रस्ता, शाळेची खोली यांतच ते विरतात. जिल्हा वार्षिक योजनेचा पैसा पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालच्या जिल्हा नियोजन समितीतून येतो, आदिवासी उपयोजनेचा वेगळ्या वाटेने, शहापूरच्या प्रकल्प कार्यालयातून. म्हणूनच उत्तराची सुरुवात बऱ्याचदा 'सदर बाब या विभागाशी संबंधित नाही' अशी होते. रस्त्यांचं तर विचारूच नका. शहापूरहून किन्हवलीवरून सरळगावला उतरताना तालुका बदलतो, पलीकडे मुरबाडचा मतदारसंघ लागतो, तिथले आमदार किसन कथोरे. खड्ड्याला मतदारसंघ नसतो, प्रश्नाला असतो. त्यातून रस्ता जिल्हा परिषदेचा, सार्वजनिक बांधकामचा की आणखी कुणाचा हे आधी काढल्याशिवाय प्रश्न टाकला तर अख्खं अधिवेशन वाया.

सभागृहात तारांकित, म्हणजे तोंडी उत्तराच्या, प्रश्नांपैकी मोजकेच पुकारले जातात. तास संपतो, उरलेल्यांची उत्तरं छापील राहतात आणि छापील उत्तराला उपप्रश्न नाही. मी एकदा साहेबांबरोबर अधिकारी दीर्घेत बसलो होतो, हातात पूरक टिपणीची जाड फाइल. आमदार उपप्रश्न विचारायला उठले की दीर्घेत हालचाल होते. चिठ्ठी लिहून पुढे जाते, मंत्र्यांच्या हातात पडते, ते बोलता बोलताच ती वाचतात. तिथे अनुभवी सदस्य ओळखू येतो. नवखा आपलाच मूळ प्रश्न चढ्या आवाजात पुन्हा वाचतो. मुरलेला विचारतो, "तारीख सांगा." मग चिठ्ठी लिहिणाऱ्याचा हात थांबतो. मंत्री म्हणतात, "तपासून घेतलं जाईल," किंवा "बैठक लावू." सभागृहात दिलेलं आश्वासन मात्र तिथेच विरत नाही, ते आश्वासन समितीच्या यादीत जातं. समितीचं स्मरणपत्र आलं की आमच्याकडे पुन्हा तेच टेबल, तीच नस्ती, आणि तोवर बदलून आलेला नवा भाऊसाहेब.

निवृत्त झाल्यावर लोक आता मलाच धरतात. परवा एका पाड्यावरचा तरुण ग्रामपंचायत सदस्य आला. त्याच्याकडे मोबाइलवर व्हिडिओ: नळ आहेत, प्रत्येक घराला, पाणी नाही. जलजीवनचे नळ. "काका, आमदारसाहेबांना द्यायला प्रश्न लिहून द्या. कडक लिहा."

मी विचारलं, नळ कधी बसले? त्याला माहीत नव्हतं. टाकी कुठली, स्रोत कुठला, काम पूर्ण झाल्याचा दाखला ग्रामपंचायतीने दिला का? तेही नाही. योजना माणशी ५५ लिटरची, तुमच्या पाड्याची लोकसंख्या किती धरली होती? तो जरा चिडलाच. "काका, तुम्ही अजून सरकारच्या बाजूनेच बोलता."

तरी गेला. दोन दिवसांनी त्याने ग्रामपंचायतीच्या मासिक सभेच्या वहीचे फोटो पाठवले. काम पूर्ण झाल्याची नोंद एका तारखेची, आणि टाकीच्या पायाचं काम सुरू असल्याची नोंद त्यानंतरच्या महिन्याची. दोन्हीखाली एकच सही. मी त्या दोन्ही नोंदींचे क्रमांक आणि तारखा पहिल्या पोटभागात घातल्या, 'कडक' काहीच लिहिलं नाही. तो म्हणाला, "एवढंच?" मी म्हटलं, खाली एक ओळ अजून घालतो. नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत. आता कागद आमदारांच्या कार्यालयात आहे. या अधिवेशनाची प्रश्न देण्याची मुदत संपली, त्यामुळे पुढच्या वेळी जाईल.